ओझरहून अंदमान: स्वतःचा स्कूबा टँक विमानातून नेता येतो का?

गोदाघाट_बबल्स
नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही चौघे स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, डायव्हिंगला निघालोय. ओझरहून विमान, मध्ये एक बदल, मग श्री विजयपुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, आणि पुढे फेरी. माझ्याकडे पाण्याखाली श्वास घ्यायच्या दाबलेल्या हवेचे स्वतःचे दोन टँक आहेत, बचाव पथकाच्या सरावासाठी घेतलेले. एक एस ८० ॲल्युमिनियम (नेहमीच्या मापाचा मोठा), दुसरा ३ लिटरचा पोनी (जादाचा लहान टँक). दोन्हींच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची, मुदत शिल्लक आहे. भरलेले नेता येणार नाहीत एवढा अंदाज आहे, पण रिकामे करून, व्हॉल्व्ह बंद ठेवून, दाब दाखवणारा काटा शून्यावर दाखवला तर चालेल का? पोनी लहान आहे, तो हातातल्या बॅगेत घेतला तर? शिवाय एक मित्र दुबईहून येताना नवा टँक आणतो म्हणतोय, त्यात काही अडचण? ज्यांना नियम नीट माहीत आहेत त्यांनीच सांगा. "माझ्या चुलतभावाने नेला होता" छापाची उत्तरं खूप वाचून झाली.

खोलपाणी
भरलेला टँक प्रवासी सामानात नाही म्हणजे नाहीच. चेक-इनमध्ये नाही, केबिनमध्ये नाही, अर्धा भरलेलाही नाही. दाबाखालची हवा धोकादायक मालात मोडते, यूएन क्रमांक १००२, वर्ग २.२ (न जळणारे वायू). वैद्यकीय ऑक्सिजन किंवा लाइफ जॅकेटचं छोटं कार्ट्रिज यांना प्रवाशांसाठी वेगळी सवलत आहे, तशी डायव्हिंगच्या टँकला नाही.

आता रिकाम्याचं. व्हॉल्व्ह बंद असेल तर तुमच्या काट्याला तपासणीच्या टेबलावर काडीची किंमत नाही. एक्स-रेमध्ये धातूचं जाड नळकांडं दिसतं, आत ० बार दाब आहे की २०० हे दिसत नाही (१ बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). काटा तुमचा, तो बरोबर आहे हे तिथल्या माणसाने कशावरून मानायचं? म्हणून नियम साधा आहे: व्हॉल्व्ह पूर्ण काढलेला, तोंड उघडं, टॉर्च मारली की आतला तळ दिसला पाहिजे. अमेरिकेची विमानतळ सुरक्षा यंत्रणा टीएसए हेच मागते. भारतात सीआयएसएफच्या जवानासमोरही याच अवस्थेतला टँक सगळ्यात कमी वेळात सुटतो. काही विमान कंपन्या "रिकामा आणि व्हॉल्व्ह उघडा" एवढंच लिहितात. त्यावर विसंबू नका, कारण उघडा व्हॉल्व्ह आणि बंद व्हॉल्व्ह बाहेरून सारखेच दिसतात.

हे सगळं करूनही शेवटचा शब्द विमान कंपनीचा. तिकीट काढल्यावर लगेच ईमेल करा: किती टँक, कोणत्या धातूचा, किती लिटर, किती वजन, रिकामा, व्हॉल्व्ह काढून वेगळा ठेवलेला. लेखी होकार आला की छापून बॅगेत एक प्रत आणि खिशात एक प्रत. फोनवरच्या होकाराचा काउंटरवर उपयोग होत नाही. मध्ये विमान बदलणार असाल आणि दुसरा टप्पा वेगळ्या कंपनीचा असेल तर दोघांचीही परवानगी हवी. पहिल्याने घेतलेली बॅग दुसऱ्याने उतरवली तर ती परगावी अडकते आणि तुम्ही बेटावर.

पोनी केबिनमध्ये नेऊच नका. सुटला तर नियमाने, अडला तर जवानाच्या मताने, अशी ती वस्तू आहे. जड, बोथट, धातूची. चेक-इनमध्येच टाका, तोही उघड्या तोंडाने.

सह्याद्री_ते_सागर
एक शंका. विमान ३५ हजार फुटांवर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि त्यामुळे टँक फुटतो, म्हणूनच बंदी आहे ना?

खोलपाणी
नाही. सामानाचा कप्पाही केबिनसारखाच दाबाखाली असतो. आणि क्षणभर धरून चाललो की आजूबाजूला पूर्ण निर्वात आहे, तरी टँकवरचा ताण फार तर १ बारने वाढेल. २०७ बारसाठी बनवलेल्या आणि त्याहून बऱ्याच जास्त दाबाला तपासलेल्या भांड्याला त्याचं काय? खरी भीती दोन गोष्टींची: व्हॉल्व्ह तुटून टँक सुटणं आणि आगीत तापणं. शिवाय तपासणाऱ्याला आतला दाब कळत नाही, हे वर आलंच आहे.

पाना_नंबर_२७
नियम झाले, आता हाताचं काम. इथेच माणसं स्वतःला इजा करून घेतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एस ८० मध्ये पाण्याची क्षमता ११.१ लिटर. २०७ बारला भरला तर आत साधारण २३०० लिटर हवा, वजनात अडीच किलोच्या वर. ही सगळी हवा दोन मिनिटांत सोडायचा मोह आवरा. वेगाने सोडली की टँक आणि व्हॉल्व्ह बर्फासारखे गार पडतात, बाहेर दव धरतं आणि शेवटी बाहेरची दमट हवा गार भिंतीला लागून आतही ओल धरते. व्हॉल्व्ह अगदी बारीक उघडा, सुर्रर्र एवढाच आवाज, आणि दीड-दोन तास जाऊ द्या. मिनिटाला २५ लिटर गेले तरी दीड तास लागतोच. खोली हवेशीर हवी. टँक उभा असेल तर भिंतीला टेकवून बांधलेला, नाहीतर आडवा आणि दोन्ही बाजूंनी पाचर. टँकमध्ये नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, असेल तर जवळ ग्रीसच्या चिंध्या, पेटती उदबत्ती, गॅसची शेगडी काही नको.

आवाज थांबला म्हणजे रिकामा झाला असं समजू नका. व्हॉल्व्ह बंद करा, अर्धा तास थांबा, पुन्हा उघडा. आतली गार हवा खोलीच्या तापमानाला आली की थोडा दाब परत तयार होतो आणि पुन्हा फुस्स होतं. तिसऱ्यांदा उघडल्यावर काहीच आलं नाही की पुढे.

याहून वाईट प्रकार म्हणजे व्हॉल्व्हच्या खाली आत लोंबणारी बारीक नळी गंजाच्या भुकटीने किंवा कचऱ्याने बुजलेली असणं. मग नॉब उघडा, आवाज शून्य, आणि आत शंभर बार. तपासायला सोपी युक्ती आहे. व्हॉल्व्ह उघडा ठेवून त्याच्या तोंडाला स्वच्छ रबरी नळी घट्ट धरा आणि फुंका. हवा सहज आत जात राहिली तर मार्ग मोकळा. पहिल्याच फुंकरीला गाल फुगून अडलं तर मार्ग बुजलाय, टँक जसाच्या तसा ठेवून जाणकार तंत्रज्ञाकडे न्या. घरी हात लावू नका. बर्स्ट डिस्कचा (दाब फार वाढला की फुटून हवा सोडणाऱ्या चकतीचा) नट ढिला करून हवा काढणारेही महाभाग आहेत. तसं करू नये.

व्हॉल्व्ह काढताना पाना व्हॉल्व्हच्या अंगावरच्या सपाट बाजूंना लावायचा, नॉबला कधीच नाही, त्याचा दांडा वाकतो. टँकला पट्ट्याचा पाना किंवा रबर लावलेला शिकंजा. आटे उजवे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात. पहिला धक्का बसून ढिलं झालं की पुढचं हाताने फिरायला पाहिजे. हाताने जड जातंय, किंवा आट्यातून बारीक फुसफुस येतेय, तर थांबा. आत दाब आहे. पाऊण इंची तोंडाच्या व्हॉल्व्हवर फक्त ५ बार उरले तरी सुमारे २७ किलोचा जोर वर ढकलत असतो, २०० बारला तोच टनावर जातो. म्हणून काढताना चेहरा कधीच व्हॉल्व्हच्या रेषेत नको. ॲल्युमिनियमच्या टँकवर पांढरी भुकटी धरून आटे जाम झाले असतील तर हातोडी, लांब पाइप असले उद्योग बंद.

निघाल्यावर व्हॉल्व्ह प्लास्टिकच्या झिप पिशवीत, आट्यांना टोपी किंवा मऊ कापड. मानेची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) काढून टाका आणि नव्या दोन बरोबर घ्या. पाऊण इंची एनपीएसएम (अमेरिकी मापाच्या) आट्यांना २१४ नंबरची लागते, दुकानात "टँक नेक ओ-रिंग" म्हटलं की कळतं. टँकच्या तोंडाला धातूचं किंवा रबराचं बूच घालू नका, नाहीतर पुन्हा "बंद भांडं" झालं. पातळ मलमल एका रबरबँडने बांधा, धूळ जात नाही आणि जवानाला दोन सेकंदांत काढून बघता येतं.

गोदाघाट_बबल्स
पाना दादा, फारच नेमकं. परत बसवताना तिकडच्या दुकानात दुसरा व्हॉल्व्ह मिळाला तर तो चालेल? माझ्याला नॉब जरा कडक आहे.

पाना_नंबर_२७
अजिबात नाही. याच अदलाबदलीत लोक मेलेत. युरोपी टँकवर एम २५ चे, म्हणजे २५ मिलिमीटरचे, आटे येतात, अमेरिकी एस ८० वर पाऊण इंची एनपीएसएम. एम २५ चा व्हॉल्व्ह थोडा बारीक, म्हणून तो पाऊण इंची तोंडात चार आटे बसल्यासारखा वाटतो, हाताने घट्टही होतो. भरताना किंवा भरल्यावर मात्र आटे सोलून गोळीसारखा सुटतो. व्हॉल्व्ह आणि टँकच्या मानेवर दोन्हीकडे आट्यांचा शिक्का असतो, तो जुळला नाही तर बसवूच नये. शिक्का वाचता येत नसेल तरीही तेच. कडक नॉबची सर्व्हिस नाशिक सोडायच्या आधीच करून घ्या.

बसवताना आटे आणि मान कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा, आत टॉर्च मारून ओल, वाळू, पांढरे ठिपके बघा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता चकाकीपुरता हात, गोळे नकोत. ४० टक्क्यांवर ऑक्सिजन जाणार असेल तर सिलिकॉन नाही, ऑक्सिजनला चालणारं ग्रीस. आधी पूर्ण हाताने फिरवा, मग उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवर (घट्टपणाच्या मापावर) पाना. एक गोष्ट आधी विचारून ठेवा. व्हॉल्व्ह काढून आणलेला टँक बरीच दुकानं आतून तपासणी केल्याशिवाय भरत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यात अर्धा दिवस जाऊ शकतो.

निळी_शिट्टी
सगळं वाचलं आणि हिशेब करून विचारावंसं वाटलं: कशासाठी?

एस ८० रिकामा, व्हॉल्व्हसह, १५ किलोच्या आसपास. देशांतर्गत विमानात चेक-इनची सर्वसाधारण मर्यादा १५ किलो. म्हणजे टँक ठेवला की चड्डीलाही जागा उरली नाही. बाकी सामानाचं जादा वजन जाता-येता भरायचं. पुढे फेरीवर उचला, जेट्टीवर उचला, रिक्षात कोंबा. आणि अंदमानात डाइव्हच्या दरात टँक, हवा आणि बुडायला लागणारी शिशाची वजनं धरलेलीच असतात. तुमचा टँक नेल्याने कोणी दर कमी करत नाही. तिथे बहुतेक ॲल्युमिनियम ८० च मिळतो, म्हणजे तुमच्याकडे आहे तसाच. पोनीचं थोडं वेगळं आहे. एकट्याने, खोल किंवा फोटोग्राफीसाठी डाइव्ह करणाऱ्याला त्याची सवय असते. पण तोही आधी ईमेल केला तर दुकानं भाड्याने देतात.

वजन वाचवायचं तर ते खरोखर स्वतःच्या मापाच्या गोष्टींवर खर्च करा: मास्क, फिन, वेटसूट, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर, रेग्युलेटर (टँकची हवा श्वासाच्या दाबाला आणणारं यंत्र). रेग्युलेटर केबिन बॅगेत, त्याच्या टँकला जोडायच्या भागाला धूळटोपी घट्ट. तुमचा डिन (आट्यांनी बसणारा) असेल तर योक (शिकंज्याने बसणाऱ्या) जोडणीचा अडॅप्टर विसरू नका. शिशाची वजनं नेऊ नका, एक्स-रेवर काळा ठिपका दिसतो आणि बॅग उघडावी लागते. चाकू, कात्री, लाइन कटर चेक-इनमध्ये.

टॉर्चवर मात्र जास्त लोक अडकतात. डायव्हिंगच्या शक्तिशाली टॉर्च पाण्याबाहेर पेटल्या तर इतक्या तापतात की आग लागू शकते. म्हणून त्या विमान कंपनीला सांगून, हातातल्या बॅगेत, आणि बॅटरी किंवा दिवा वेगळा काढून. सुटे लिथियम सेल चेक-इनमध्ये कधीच नाहीत. १०० वॉट-तासापर्यंत केबिनमध्ये चालतात, १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन सुटे, १६० च्या वर घरीच. हिशेब सोपा: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ३.७ व्होल्ट, ३.५ अँपिअर-तासाचा १८६५० सेल म्हणजे १३ वॉट-तास, काहीच नाही. व्हिडिओ लाइटचा मोठा पॅक मात्र मोजून बघा. प्रत्येक सेलच्या टोकांना चिकटपट्टी किंवा प्लास्टिकची डबी.

कार्गो_खिडकी
दुबईच्या टँकचा प्रश्न राहिला. तो सामानात टाकून आणू नका. भारतात गॅस सिलिंडर आयात करायला पेसोचा, म्हणजे नागपूरच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये हे आहे. मान्यताप्राप्त बनावटीचा नसेल तर कस्टमवाले अडवतात तो भाग वेगळा, पण सुटला तरी इथला भरणारा त्याच्या मानेवरचे शिक्के बघून हात वर करतो. भरता न येणारा टँक म्हणजे महाग फुलदाणी. इथेच मान्यताप्राप्त घ्या.

पथकाचा विषय निघालाच आहे म्हणून. सन २०२७ च्या कुंभमेळ्याची तयारी करणारे किंवा पुरात दुसऱ्या राज्यात जाणारे लोक विचारतात: भरलेले टँक तातडीने विमानाने पाठवता येतात का? प्रवाशाच्या सामानात नाही, पण कार्गोने येतात. यूएन १००२, पॅकिंग सूचना २००, हिरव्या रंगाचं "ज्वलनशील नसलेला वायू" लेबल, आणि प्रशिक्षित माणसाने भरलेलं धोकादायक मालाचं घोषणापत्र. एका पॅकेजमध्ये प्रवासी विमानात ७५ किलो, फक्त मालवाहू विमानात १५० किलो निव्वळ. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन २३.५ टक्क्यांवर गेला की तो "संकुचित हवा" राहत नाही, यूएन ३१५६ होतो आणि वर ऑक्सिडायझरचं (आग भडकवणाऱ्या पदार्थाचं) लेबल चढतं. हे न सांगता साध्या हवेच्या नावाने पाठवणं हा गुन्हा आहे. अग्निशमनाच्या ३०० बारच्या कंपोझिट सिलिंडरलाही हाच नियम.

कार्गोत एक गंमत आहे. २० अंशाला २०० किलोपास्कलपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने २ बारपेक्षा, कमी दाब असेल तर वर्ग २.२ ची साधी हवा धोकादायक माल धरली जात नाही. टँकवाले आत ओल शिरू नये म्हणून थोडा दाब ठेवून व्हॉल्व्ह बंद करतात, आणि कार्गोत ते मान्य होऊ शकतं. प्रवासी सामानात याचा दाखला देत बसू नका. तिथला माणूस नियमावली वाचून नाही, टॉर्च मारून निर्णय घेतो.

गोदाघाट_बबल्स
पटलं. मोठा टँक घरीच. पोनीही बहुधा. पण मार्चमध्ये मालवणला स्वतःच्या गाडीने जायचं आहे, तेव्हा तरी भरलेले नेऊ ना?

निळी_शिट्टी
न्या, पण डिकीत सैल सोडून नाही. आडवे झोपवा, दोन्ही बाजूंनी पाचर, पट्ट्याने बांधा, व्हॉल्व्ह अशा बाजूला ठेवा की ब्रेक मारल्यावर त्याच्यावर काही आदळणार नाही. नॉब बंद, धूळटोपी लावलेली. उन्हात बंद गाडी तापते. २५ अंशाला २०० बारचा टँक ६५ अंशाला साधारण २२७ बार होतो. टँक लगेच फुटत नाही, पण मर्यादेपेक्षा जास्त भरून घेतला असेल आणि बर्स्ट डिस्क जुनी असेल तर ती फुटून डिकीत हवेचा स्फोटच. कोल्हापूरला जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत.

खोलपाणी
आणि परतीचं वेळापत्रक आधीच बांधा. डायव्हिंगनंतर लगेच उंचावर गेलं तर रक्तातल्या वायूचे बुडबुडे होऊन त्रास होतो, म्हणून विमानासाठी डॅनची (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या सुरक्षा संस्थेची) शिफारस अशी: एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा लागोपाठचे दिवस असतील तर १८, डिकंप्रेशन (वर येताना मध्ये ठरावीक वेळ थांबणं) लागलं असेल तर त्याहून बरंच जास्त. ही शिफारस २००० फुटांपासून, म्हणजे ६०० मीटरपासून, पुढच्या उंचीला धरलेली आहे, आणि आपलं नाशिक आहे जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. मालवणहून कुठलाही घाट चढलात की तुम्ही त्या रेषेपाशी किंवा तिच्या वर असता, आणि ते डाइव्हनंतर दोन-तीन तासांत होतं. विमान नाही म्हणून कोणी हे मोजतच नाही. दोन दिवस डायव्हिंग केलं असेल तर शेवटची डाइव्ह सकाळी आटपा, रात्र किनाऱ्यावर काढा आणि घाटाला दुसऱ्या दिवशी लागा. अंदमानहून येताना तर पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा, फेरी रद्द झाली तर तोच दिवस कामी येतो.